ड्यूक २०० ला बाजारातील आखूड ब्रेक आणि क्लच लिव्हर बसवावेत का? बसवायचे असल्यास काय पाहावे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : आपल्याकडे केटीएम ड्यूक २०० आहे, हात लहान असल्यामुळे मूळ लिव्हरपर्यंत बोटे नीट पोहोचत नाहीत, दुकानदार ‘सगळ्या गाड्यांना बसतो’ असे सांगून घडीचा आखूड लिव्हर देत आहे, आणि तो घरच्या घरी बसवणे सुरक्षित आहे का, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. मी व्यवसायाने मेकॅनिक नाही. मात्र स्वतःच्या आणि मित्रांच्या गाड्यांची बहुतेक कामे घरीच करतो आणि लिव्हर बदलण्याचे काम मी अनेकदा केले आहे. ते अवघड नाही. त्यातील एका बाबीकडे मात्र दुकानदार, मिस्त्री आणि गिऱ्हाईक हे तिघेही सहसा लक्ष देत नाहीत, म्हणून आधी तीच सांगतो.

आपण लिव्हर निवडताना त्याचे पाते पाहतो, म्हणजे रंग, लांबी, घडी आणि बोटांना लागणारी धार. प्रत्यक्षात गाडीची सुरक्षितता ठरते ती पात्याच्या दुसऱ्या टोकाला, खिळीच्या, म्हणजे ज्यावर लिव्हर फिरतो त्या बोल्टाजवळच्या काही मिलिमीटरमध्ये, जिथे ब्रेकचा लिव्हर मास्टर सिलिंडरच्या, म्हणजे ब्रेक ऑइलवर दाब देणाऱ्या हँडलवरच्या भागाच्या, पिस्टनला ढकलतो. मास्टर सिलिंडरच्या आत ब्रेक ऑइलच्या डबीशी जोडलेले एक अतिशय बारीक छिद्र असते. लिव्हर सोडल्यावर पिस्टन पूर्ण मागे आला की हे छिद्र उघडते, आणि डिस्कजवळ तापून फुगलेल्या ऑइलला डबीत परतण्याची वाट मिळते. बाजारातील लिव्हरचे नाक, म्हणजे पिस्टनला टेकणारा भाग, मूळ लिव्हरपेक्षा अर्धा मिलिमीटर जरी जास्त पुढे आले, तरी लिव्हर सोडलेला असताना पिस्टन किंचित दाबलेलाच राहतो आणि ते छिद्र बंद राहते. घराजवळ फेरी मारताना काहीच कळत नाही. घाटात मात्र प्रत्येक वेळी ब्रेक लावल्यावर ऑइल तापते, फुगते, परतायला वाट नसल्यामुळे पॅड डिस्कला घासू लागतात, घर्षणाने ऑइल आणखी तापते, आणि शेवटी लिव्हरला बोटही न लावता पुढचे चाक जखडू लागते. एका मित्राच्या गाडीवर ताम्हिणी घाट उतरताना हेच झाले होते. डिस्क निवेपर्यंत गाडी हलेना, आणि निवल्यावर जणू काही घडलेच नाही अशी चालू लागली. त्यामुळे गॅरेजमध्ये पोहोचेपर्यंत दोष दिसेनासा झाला होता. शेवटी कारण निघाले ते नव्या लिव्हरचे नाक.

ऑइल जुने असेल तर याच प्रकाराला दुसरे टोकही आहे. डॉट ४ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. हवेतील ओलावा शोषून घेतलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येते. घासत राहिलेल्या ब्रेकमध्ये असे ऑइल उकळले, तर त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि लिव्हर दाबताना पोकळ लागून मुठीला टेकतो. म्हणजे आधी ब्रेक आपोआप लागतो आणि नंतर लावूनही लागत नाही.

त्यामुळे ‘सगळ्या गाड्यांना बसतो’ हे वाक्य ऐकल्यावर मी त्या दुकानातून क्लचचा लिव्हर कदाचित घेईन, ब्रेकचा घेणार नाही. ड्यूकवर बायब्रेचा ब्रेक असतो. बायब्रे हे ब्रेम्बोचेच लहान गाड्यांसाठीचे नाव आहे आणि त्यांचा कारखाना पुण्याजवळ चाकणला आहे, जिथे बजाज ड्यूकही बनवते. दुसऱ्या गाडीवर निसिनचा किंवा वाळूजच्या एन्ड्युरन्सचा मास्टर सिलिंडर असू शकतो, आणि प्रत्येकाचे बोल्टाचे माप, नाकाचा आकार आणि बोल्ट ते पिस्टन हे अंतर वेगळे असते. एकाच नावाच्या गाडीतही वर्षागणिक सुटे भाग बदलतात. ड्यूक २०० भारतात २०१२ मध्ये आली तेव्हा तिला एबीएस, म्हणजे ब्रेक लावल्यावर चाक जखडू न देणारी यंत्रणा, नव्हती. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरील सर्व नव्या दुचाकींना ते सक्तीचे झाले. म्हणून लिव्हर मागताना गाडीच्या नावाबरोबर तिचे वर्ष आणि एबीएस आहे की नाही हे सांगा, आणि विक्रेता नेमक्या त्या मॉडेलचे नाव छापलेला लिव्हर देत नसेल तर पुढच्या दुकानात जा. पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला जुना लिव्हर काढून सोबत नेता आला तर उत्तमच. दोन्ही लिव्हर बोल्टाच्या छिद्रात एकच बोल्ट घालून एकावर एक ठेवले की नाकातला फरक डोळ्यांना दिसतो, आणि साध्या व्हर्नियर कॅलिपरने तो मोजताही येतो. माझ्या मते खरेदीतील सर्वांत उपयोगाची दोन मिनिटे हीच.

आता आखूड लिव्हरबद्दल. पाते जितके आखूड, तितके बोट खिळीच्या जवळ येते आणि तितका जोर जास्त लागतो. उदाहरणादाखल धरा, की पिस्टनचा दाब खिळीपासून २० मिमीवर पडतो आणि आपली बोटे १२० मिमीवर आहेत. म्हणजे जोर सहापट होतो. तीच बोटे ९५ मिमीवर आली तर तो पावणेपाचपट होतो, म्हणजे तेवढ्याच ब्रेकसाठी बोटांनी सुमारे सव्वापट जोर लावावा लागतो. ज्यांचे हात लहान आहेत, त्यांच्या बोटांत ताकदही बहुधा बेताचीच असते; म्हणून आपल्याला आखूड लिव्हर हवा आहे असे मला वाटत नाही. आपल्याला हवा आहे तो मुठीपासूनचे अंतर कमी-जास्त करता येणारा, पण लांबीने मूळ लिव्हरएवढा किंवा जेमतेम कमी असलेला लिव्हर. त्याआधी एक बिनखर्चाचा उपाय करून पाहा : लिव्हर हँडलला धरून ठेवणारा कंस सैल करून थोडा आतल्या बाजूला सरकवा आणि किंचित खाली फिरवा, म्हणजे बसल्यावर मनगट सरळ राहते आणि बोटे पात्याच्या टोकाकडे पडतात. क्लच जड वाटत असेल तर आधी क्लच वायर पाहा. कोरडी पडलेली किंवा हँडलजवळ तीव्र वळण घेतलेली वायर तेल देऊन सरळ केल्यावर पुष्कळदा नव्या लिव्हरची गरजच उरत नाही. २०१७ च्या ड्यूक ३९० ला कंपनीनेच अंतर बदलता येणारे लिव्हर दिले आहेत. ते आपल्या गाडीला बसतील असे गृहीत मात्र धरू नका. सुट्या भागांच्या यादीतील क्रमांक जुळत असेल तरच घ्या.

घडीचा लिव्हर हा नुसता दिखावा नाही. गाडी पडल्यावर पात्याचे टोक बिजागरीवर वर वळते आणि लिव्हर वाचतो. मूळ ओतीव लिव्हरच्या टोकाजवळ अनेकदा एक खाच असते. ती मुद्दाम ठेवलेली असते, म्हणजे पडल्यावर टोक तिथे तुटेल आणि उरलेल्या पात्यावर घरी पोहोचता येईल. ‘कधीच तुटणार नाही’ अशी जाहिरात असलेल्या, खाच किंवा बिजागरी नसलेल्या जाड लिव्हरला म्हणूनच मी नकार देतो. तो तुटला नाही तर तोच आघात मास्टर सिलिंडरच्या कंसावर जातो, आणि तो भाग लिव्हरपेक्षा कितीतरी महाग आहे. टोकाला गोळा असलाच पाहिजे. एफआयएम या मोटरसायकल शर्यतींच्या जागतिक संघटनेच्या नियमांत त्याचा व्यास किमान १६ मिमी सांगितला आहे, तो पडताना टोक अंगात घुसू नये म्हणून. घन धातूतून कोरलेला ६०६१-टी६ ॲल्युमिनियमचा लिव्हर साधारणपणे चांगला. मात्र हजार-बाराशेत मिळणाऱ्या जोडीवर तो आकडा कोरलेला असला, तरी त्यावर विश्वास ठेवण्याऐवजी बिजागरीची ढिलाई आणि मुठीपासूनचे अंतर बदलणाऱ्या खटक्याची पकड हाताने पाहावी. पाते वर-खाली हलवल्यावर डुगडुगत असेल, किंवा खटका नुसत्या बोटाच्या धक्क्याने सरकत असेल, तर गाडीच्या कंपनाने तो नक्की सरकेल.

बसवण्याचे काम करताना गाडी सपाट जागी पक्की उभी करा आणि जुना भाग काढण्यापूर्वी दोन्ही बाजूंनी फोटो काढा. खालचा नट आधी, मग वरचा बोल्ट. लिव्हर ओढून काढू नका, कारण त्याला टेकून ब्रेक लाइटचे बटण असते आणि क्लचच्या बाजूला तसेच स्टार्टरचे. दोन्हीची टोके प्लॅस्टिकची आणि नाजूक असतात. जुन्या लिव्हरच्या छिद्रात धातूचा बुश (छोटी नळी) असेल तर तो नव्यात हलवावा लागतो. तो विसरला तर लिव्हर बसतो, पण डुगडुगतो. ब्रेकच्या ऑइलची नळी या कामात कुठेच उघडावी लागत नाही. ती उघडायची गरज आहे असे कोणी सांगितले तर त्याच्याकडून काम करून घेऊ नका. पिस्टनला टेकणाऱ्या नाकावर सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर द्या. नेहमीचे पिवळे किंवा काळे ग्रीस तिथे नको. खनिज तेलाने ब्रेकचे रबर फुगते. बोल्टावर आणि क्लचच्या बाजूला मात्र साधे ग्रीस चालते.

बोल्ट आवळणे हा दुसरा नाजूक भाग. वरचा बोल्ट फक्त टेकेपर्यंत घट्ट करायचा असतो, आणि त्याला पकडून ठेवण्याचे काम खालचा नट करतो. होंडाच्या अनेक गाड्यांत ब्रेक लिव्हरच्या बोल्टाला केवळ १ न्यूटन-मीटर आणि नटाला ६ न्यूटन-मीटर सांगितलेले असते. आपल्या गाडीचे आकडे तिच्या सर्व्हिस पुस्तिकेतून घ्या, पण प्रमाण एवढेच हलके असते. बोल्ट जोराने आवळला की कंसाचे दोन ओठ लिव्हरला चिमटीत धरतात, लिव्हर पूर्ण परतत नाही, आणि नाक अचूक असूनही वर सांगितलेला सगळा प्रकार सुरू होतो. शिवाय ॲल्युमिनियमचे आटे गेले तर कंसच बदलावा लागतो.

क्लचचे काम तुलनेने सोपे आहे. वायरच्या टोकाची गोळी नव्या लिव्हरच्या खोबणीत सहज फिरली पाहिजे. ती अडकत असेल तर दर वेळी क्लच दाबल्यावर वायर गोळीशी वाकते आणि काही महिन्यांत तिचे धागे एकेक करून तुटतात. गोळी खिळीच्या जवळ असेल तर क्लच हलका वाटतो, पण वायर कमी ओढली जाते. गिअर टाकताना धक्का बसणे आणि सिग्नलला न्यूट्रल न सापडणे ही त्याची खूण आहे. प्ले, म्हणजे वायर ताणली जाण्याआधीची लिव्हरची मोकळी हालचाल, पुस्तिकेप्रमाणे ठेवा : होंडाच्या पुष्कळ गाड्यांत तो टोकाशी १० ते २० मिमी असतो, ड्यूकमध्ये त्याहून पुष्कळ कमी. मुळीच प्ले न ठेवल्यास क्लच घसरत राहतो आणि प्लेटा जळतात.

आता गाडी सुरू करण्यापूर्वीच्या तपासण्या. ब्रेकचा लिव्हर बोटाच्या टोकाने हलवा. पिस्टनला टेकण्याआधी किंचित मोकळी हालचाल जाणवलीच पाहिजे. डबीचे झाकण उघडून, टाकीवर ओले फडके टाकून आणि डोळे बाजूला ठेवून लिव्हर अगदी हळू दाबला, तर सुरुवातीलाच ऑइलच्या पृष्ठभागावर लहानसा उमाळा दिसतो. तो दिसला म्हणजे बारीक छिद्र उघडे आहे. उमाळा दिसत नसेल तर गाडी चालवू नका. ऑइल रंगावर सांडले तर लगेच पाण्याने धुवा. नंतर लिव्हर मुठीच्या सर्वांत जवळच्या खटक्यावर ठेवून पूर्ण ताकदीने दाबा : ब्रेकचा लिव्हर मुठीला टेकता कामा नये, आणि क्लचचा लिव्हर टेकण्याआधी गिअरमधील चाक हाताने मोकळे फिरले पाहिजे. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून टोक टाकीला लागत नाही ना ते पाहा. ब्रेक लाइट लिव्हर दाबताच लागतो आणि सोडताच विझतो का, हे भिंतीवरच्या उजेडात पाहता येते. तो कायम पेटलेला राहणे हे लिव्हर पूर्ण परतत नसल्याचेही लक्षण असू शकते.

पहिली फेरी मोकळ्या रस्त्यावर, पायी चालण्याच्या वेगाने सुरू करा. मग पाच-सहा किलोमीटर जाऊन, मुद्दाम वारंवार ब्रेक लावून थांबा आणि गाडी न्यूट्रलमध्ये हाताने ढकला. ती निघताना होती तितकीच हलकी ढकलली गेली पाहिजे. जड वाटली तर लिव्हरच्या खिळीचा नट सोडवून बोल्ट जागेवरच थोडा सैल करून, नट पुन्हा आवळून पाहा, आणि तरीही फरक पडला नाही तर मूळ लिव्हर परत लावा. नाक कानशीने घासून ‘जमवण्याचा’ सल्ला आपल्याला कोणीतरी नक्की देईल. तो ऐकू नका, कारण जास्त घासले गेले तर मोकळी हालचाल वाढते आणि ब्रेक उशिरा लागतो.

एक गोष्ट ओघात : घरात स्कूटर असेल आणि तिच्या डाव्या लिव्हरने दोन्ही ब्रेक एकत्र लागत असतील, तर त्या बाजूला कंपनीचाच लिव्हर ठेवा, कारण तिथे ओढीचे प्रमाण दोन चाकांत वाटलेले असते.

पहिल्या आठवड्यानंतर दोन्ही नट पुन्हा एकदा तपासा. जुने लिव्हर भंगारात देऊ नका. बुश आणि बोल्टासह कापडात गुंडाळून लांबच्या प्रवासाला सोबत ठेवा, कारण आडगावच्या गॅरेजमध्ये आपल्या नव्या लिव्हरचा सुटा भाग मिळण्याची शक्यता फार कमी असते.