सहारा, भूविज्ञान आणि डायनासोर मुलांना एकत्र कसे शिकवावेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सातवीच्या वर्गासाठी आफ्रिकेतलं वाळवंट, पृथ्वीचा इतिहास आणि डायनासोर असा एकच प्रकल्प घ्यायचा आहे, तर हे तीन विषय एकमेकांत कसे गुंफायचे आणि सुरुवात कुठून करायची. मी माध्यमिक शाळेत भूगोल आणि विज्ञान दोन्ही शिकवते. हा माझ्या फार आवडीचा विषय आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सुरुवात एका गैरसमजापासून करा. मुलांच्या डोक्यात एक चित्र पक्कं बसलेलं असतं: उजाड माळ, मागे धुमसणारा ज्वालामुखी आणि मधून चाललेला डायनासोर. त्यामुळे सहारात डायनासोरची हाडं सापडतात असं सांगितलं की मुलं लगेच मान डोलावतात. ते वाळवंटात राहायचे म्हणून वाळवंटात सापडतात, झालं! पण ती हाडं गाडली गेली तेव्हा तिथे वाळवंट नव्हतंच. आज वाळवंट आहे म्हणून ती आपल्याला दिसतात, एवढंच. वर मातीचा जाड थर नाही, झाडझाडोरा नाही, वारा खडक खरवडत राहतो आणि आतलं उघडं पडतं. प्राणी राहिला कुठे आणि सापडला कुठे, हे दोन प्रश्न मुलांनी सुटे करून बघायला शिकलं पाहिजे. माझ्या मते सगळा प्रकल्प याच एका गोष्टीभोवती बांधावा.

त्यासाठी अख्खी आफ्रिका घेऊ नका, एक जागा घ्या. मी नायजर देशातलं तेनेरे वाळवंट आणि त्यातलं गादूफावा हे ठिकाण घेते. १९६०च्या दशकात युरेनियम शोधत फिरणाऱ्या फ्रेंच भूवैज्ञानिकांना तिथे वाळूत उघडी पडलेली हाडं दिसली. पुढे फ्रान्सचे जीवाश्मतज्ज्ञ फिलिप ताके आणि त्यांच्यानंतर अमेरिकेचे पॉल सेरेनो यांनी तिथे मोठं काम केलं. खडक साधारण ११ कोटी वर्षांपूर्वीचे. त्यांतून काय काय निघालं बघा: सुकोमायमस, लांब चिंचोळ्या जबड्याचा, मासे खाणारा डायनासोर. नायजरसॉरस, लांब मानेचा शाकाहारी, ज्याच्या तोंडाचा पुढचा भाग बाकी डोक्यापेक्षाही रुंद आणि सगळे दात त्या पुढच्या कडेला एका ओळीत. झिजलेल्या दातांची जागा घ्यायला आत नव्या दातांची रांग तयारच असायची. सगळे मिळून पाचशेच्या वर. अशा तोंडानं झाडाचे शेंडे खाता येत नाहीत, जमिनीलगतचा पालाच कापता येतो. आणि सार्कोसुकस. हा डायनासोर नाही, मगरींचा नातेवाईक. नुसती कवटी दीड मीटरहून लांब.

सार्कोसुकसपाशी मी थांबते आणि पुढे काहीच सांगत नाही. वर्गातून कुणीतरी विचारतंच, "बाई, पण एवढी मोठी मगर वाळवंटात पाणी कुठून आणायची?" हा प्रश्न मुलांकडून येऊ द्या, तुम्ही विचारू नका. तो आला की उत्तर मुलांनीच बांधायचं: मगर आहे म्हणजे नदी हवी, मासे खाणारा आहे म्हणजे भरपूर मासे हवेत, खाली मान घालून चरणारा आहे म्हणजे जमिनीवर हिरवळ हवी. (हिरवळ म्हटलं की मुलं गवत काढतात. गवताळ कुरणं तेव्हा नव्हती. नेचे आणि तशाच बुटक्या वनस्पती होत्या.) तिथला वालुकाश्मही नद्यांनी आणून टाकलेल्या वाळूचाच आहे. म्हणजे हाडं आणि खडक दोघांची साक्ष जुळते. भूविज्ञान म्हणजे काय, हे याहून सोप्या रीतीनं मला तरी शिकवता आलेलं नाही.

वाळू हातात द्याच. एक भिंग, ओढ्याची थोडी वाळू आणि जमलं तर राजस्थानातून कुणी आणलेली वाळवंटातली वाळू. पाण्यानं आणलेले कण बरेचदा कोनेरी आणि चकचकीत राहतात; वाऱ्यानं वर्षानुवर्षं एकमेकांवर आपटलेले कण गोल होतात आणि त्यांच्यावर धुरकटपणा येतो, घासलेल्या काचेसारखा. मुलं भिंगातून बघून आपापल्या वहीत दहा-दहा कणांची चित्रं काढतात तेव्हा वर्ग एकदम शांत होतो. एक मात्र सांगा, सहारा म्हणजे नुसती वाळू नव्हे. वाळूचे समुद्र त्याच्या जेमतेम चौथ्या हिश्श्यावर आहेत. बाकी उघडे खडकाळ पठार, गोट्यांची मैदानं आणि डोंगर. पाठ्यपुस्तकातली चित्रं हे दाखवत नाहीत, आणि जीवाश्म मिळतात ते मुख्यतः त्या उघड्या खडकांतच.

काळाचं भान देण्यासाठी दोरी घ्या. एक मीटर म्हणजे एक कोटी वर्षं. गादूफावाचे प्राणी ११ मीटरवर. डायनासोर संपले ते ६ मीटर ६० सेंटिमीटरवर. ४ मीटरच्या किंचित अलीकडे एक खूण करा आणि तिथे लिहा 'वादी अल-हितान'. हे इजिप्तच्या पश्चिम वाळवंटातलं खोरं, २००५ पासून जागतिक वारसा स्थळ. तिथे बॅसिलोसॉरस आणि डोरुडॉन या व्हेलचे सांगाडे वाळूत पडलेले आहेत, आणि त्यांना छोटे मागचे पाय आहेत. व्हेलचे पूर्वज जमिनीवर चालत होते त्याची ती खूण. मगरीनंतर व्हेल आली की मुलांचा अंदाज आपोआप पक्का होतो: तिथे समुद्र होता. बॅसिलोसॉरसचं नाव 'सॉरस'नं संपतं म्हणून मुलं त्याला डायनासोरच्या यादीत टाकतात. तेवढं आधीच सांगून ठेवा.

मग दोरीच्या शेवटच्या टोकाला या. हिरवा सहारा, म्हणजे सहारात तळी आणि गवत होतं तो काळ, संपला तो सुमारे ५,००० वर्षांपूर्वी, म्हणजे या दोरीवर अर्धा मिलिमीटर. पेन्सिलीच्या टोकानंसुद्धा ती खूण नीट करता येत नाही. माणूस आणि डायनासोर एकत्र होते का, हा प्रश्न त्यानंतर माझ्या वर्गात कुणी विचारलेला नाही. पृथ्वीचा जन्म कुठे येईल असं विचारलं तर ४५४ मीटर. मैदानाच्या कुंपणाबाहेर जाऊन मुलांना तो अंदाज घेऊ द्या.

हिरव्या सहाराला मी सर्वांत जास्त वेळ देते, कारण तो थेट आपल्या मान्सूनशी जोडलेला आहे. नकाशावर बोट ठेवायला सांगा: नायजरमधलं अगदेझ शहर आणि आपलं सांगली जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, १७ अंशांच्या आसपास. मग तिकडे वाळवंट आणि इकडे ऊस का? विषुववृत्तावर तापून वर गेलेली हवा पाऊस पाडून कोरडी होते आणि उत्तरेला साधारण २० ते ३० अंशांच्या पट्ट्यात खाली उतरते. उतरणारी हवा ढग बनू देत नाही. आपल्याला उन्हाळ्यानंतर समुद्रावरून येणारा मान्सून वाचवतो. पश्चिम आफ्रिकेलाही मान्सून आहे, पण आज तो सहाराच्या दक्षिण कडेलाच अडतो. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा हळूहळू डुलतो, त्यामुळे वीसेक हजार वर्षांच्या अंतरानं उत्तर गोलार्धाचा उन्हाळा सूर्याच्या जास्त जवळ येतो. सुमारे ११,००० ते ५,००० वर्षांपूर्वी तसंच होतं. जमीन जास्त तापली, मान्सून खूप उत्तरेला गेला, आणि सहारात तळी भरली, गवत उगवलं. आजच्या चाड सरोवराच्या जागी महाराष्ट्राहून मोठं सरोवर होतं. अल्जीरियातल्या तासिली नाज्जरच्या खडकांवर माणसांनी काढलेली जिराफ, पाणघोडे आणि गुरांच्या कळपांची चित्रं आजही आहेत. मुलांना ती चित्रं दाखवा आणि काही सांगू नका, फक्त विचारा की यातले कोणते प्राणी पाण्याशिवाय राहू शकत नाहीत.

त्या सरोवराचा तळ म्हणजे आजचं बोदेले. तिथली पांढरी धूळ म्हणजे मेलेल्या डायॅटमची, सूक्ष्म शेवाळाची, कवचं. सहारातली धूळ वाऱ्यावर अटलांटिक ओलांडते, आणि उपग्रहांच्या मोजमापावर आधारलेल्या २०१५च्या एका अभ्यासानुसार वर्षाला सरासरी २ कोटी ७७ लाख टन धूळ अॅमेझॉनच्या खोऱ्यात पडते. तिच्यातून तिथल्या जंगलाला सुमारे २२,००० टन फॉस्फरस मिळतो. माझ्या वर्गातल्या शेतकऱ्यांच्या मुलांना फॉस्फरस म्हणजे काय हे खताच्या गोणीवरून ठाऊक असतं, त्यामुळे ही गोष्ट त्यांना माझ्याआधी कळते.

एक कळकळीची विनंती. आफ्रिका म्हणजे वाळू, हाडं आणि बाहेरून आलेले संशोधक, असं चित्र मुलांच्या मनात राहू देऊ नका. तेनेरेत तुआरेग लोक पिढ्यान् पिढ्या राहतात, मिठाचे तांडे घेऊन फिरतात, आणि परदेशी मोहिमांना वाट दाखवणारेही तेच. इजिप्तमधल्या मन्सुरा विद्यापीठाच्या हिशाम सल्लाम यांच्या चमूनं २०१८ साली दाखला नावाच्या मरूद्यानातून मन्सुरासॉरस हा डायनासोर जगापुढे आणला. स्पायनोसॉरस या डायनासोरची गोष्ट तर सांगाच: जर्मनीच्या एर्न्स्ट श्ट्रोमर यांनी १९१५ मध्ये इजिप्तच्या हाडांवरून त्याचं वर्णन केलं, ती हाडं १९४४च्या बॉम्बहल्ल्यात म्युनिकच्या संग्रहालयात जळाली, आणि २०१४ मध्ये मोरोक्कन वंशाच्या निझार इब्राहिम यांनी मोरोक्कोच्या केम केम भागातून नवा सांगाडा पुढे आणला. तो खोल पाण्यात पोहायचा की काठाला उभा राहून मासे धरायचा, यावर अजून वाद चालू आहे. वाद चालू आहे हे मुलांना सांगायला कचरू नका. त्यांना ते आवडतं.

आपल्याकडचा दुवाही खरा आहे, ओढूनताणून आणावा लागत नाही. नायजरमधला रुगॉप्स आणि नर्मदा खोऱ्यातला राजासॉरस हे मांसाहारी डायनासोर एकाच कुळातले, कारण आफ्रिका आणि भारत एकेकाळी गोंडवन या प्राचीन महाखंडाचे भाग होते. चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुरा आणि डोंगरगावला डायनासोरची हाडं मिळालेली आहेत. मग सह्याद्रीत का नाहीत, हे मुलं विचारतील. महाराष्ट्राचा बहुतेक भाग लाव्हा थिजून झालेल्या बसाल्टचा आहे. हाडं जपली जातात ती गाळात, तापलेल्या लाव्ह्यात नाही.

परीक्षेला डायनासोरची नावं विचारू नका, ती मुलांना तशीही आपल्यापेक्षा जास्त येतात. मी असा प्रश्न देते: 'एका ठिकाणी खालच्या थरात शार्कचे दात आणि शिंपले मिळाले, मधल्या थरात मगरीची हाडं, आणि सर्वांत वर गोल, धुरकट वाळूचे कण. तिथे क्रमानं काय काय होतं आणि ते कशावरून?' निम्मे गुण 'कशावरून'ला ठेवा.