बारीक तारेचा रोध शून्य का होत नाही?

काल कोपरीत चहा पिताना तू विचारलंस, "ताई, क्रांतिक तापमानाच्या खाली गेलो तरी तारेला रोध कसा?" अतिवाहक तारेचा रोध या तापमानाखाली शून्य व्हायला हवा, म्हणून प्रश्न बरोबरच होता; पण घाईत नीट सांगता आलं नाही.

ठाणे स्टेशनचा जिना आठव. सकाळच्या गर्दीत एकाची चप्पल तुटली की मागचे सगळे अडतात. रुंद फलाटावर तेच लोक वळसा घालून जातात. जाड अतिवाहक तारेत एखादी जागा क्षणभर बिघडली तरी प्रवाह बाजूने निघतो. बारीक तारेत बाजूच नसते. औष्णिक हेलकाव्याने तिथली अतिवाहकता क्षणभर विझते, अतिवाहक इलेक्ट्रॉनांच्या सामायिक लहरीची कला (फेज) २π ने, म्हणजे एका पूर्ण फेऱ्याने, घसरते आणि व्होल्टेजचा बारीकसा ठोका उमटतो. या ठोक्यांची सरासरी म्हणजे तुझा रोध. लँगर आणि आंबेगावकर यांनी १९६७ मध्ये हे गणित मांडलं. अशा घसरणी किती वेळा घडतात याचं गणित १९७० मध्ये मॅककंबर आणि हाल्पेरिन यांनी सुधारलं.

तापमान उतरेल तसा हा रोध घातांकी वेगाने घटतो, म्हणून आलेख लॉग अक्षावरच काढ. पण आलेखात रोधाची अशी उतरती शेपूट दिसली म्हणून लगेच हुरळू नकोस. तार एकसारखी नसेल किंवा लीडना (मोजणीच्या जोडतारांना) बाहेरचा विद्युत गोंगाट अडवणारे फिल्टर नसतील, तरी तशीच शेपूट येते. प्रवाह निम्मा करून पुन्हा मोज. रोध बदलला तर आधीचा प्रवाह जास्त होता.

आणि नमुन्याला हात लावण्याआधी अंगावरची स्थिर वीज निघून जावी म्हणून मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधच. माझी पहिली चांगली तार कनेक्टर लावतानाच गेली; सूक्ष्मदर्शकाखाली मधोमध काळी फट दिसली, तीन आठवड्यांचं काम होतं.