रिपोर्टमध्ये काही नाही, मग कंबर दुखते कशी?

"मॅडम, एमआरआयमध्ये फारसं काही नाही आणि डॉक्टरांनी तुमच्याकडे पाठवलं. म्हणजे हे माझ्या मनाचेच खेळ ना?"

मी मानसशास्त्रज्ञ, म्हणून वर्षानुवर्षं कंबर किंवा मान दुखणारी माणसं मला हा प्रश्न दबक्या आवाजात विचारतात. त्यामागची त्यांची लाज मला फार बोचते. म्हणून उत्तर आधीच देते: नाही. दुखणं खरं आहे.

हे विचारणाऱ्या बाई पन्नाशीच्या शिक्षिका (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत). गॅसचं सिलिंडर सरकवताना कंबरेत उसण भरली. अशी उसण बहुधा काही आठवड्यांत निवळते. त्यांचा ठणका दोन वर्षं झाली तरी तसाच. रिपोर्टवर 'डिस्क बल्ज' (दोन मणक्यांमधली गादी थोडी बाहेर फुगणं) लिहिलेलं. कुणीतरी म्हणालं, "मणका झिजलाय, वाकू नका," आणि ते वाक्य घरात राहायलाच आलं. खालच्या फडताळातले डबे ओट्यावर चढले, रांगोळी बंद झाली, पट्ट्याशिवाय घराबाहेर पाऊल पडेना.

पाठ अजिबात न दुखणाऱ्या लोकांच्या तपासण्यांचा एक मोठा आढावा 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पन्नाशीच्या सुमारे 60 टक्के लोकांत डिस्क बल्ज दिसला होता. हे ऐकून बाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मग दुखतंय काय?"

दुखतंय ते मज्जासंस्थेमुळे. इजेचे संदेश मज्जारज्जूत सतत येत राहिले की तिथल्या पेशी हळव्या होतात आणि साध्या स्पर्शाला, हालचालीलाही जोरात प्रतिसाद देऊ लागतात. मज्जासंस्थेचे संशोधक क्लिफर्ड वुल्फ यांनी 1983 मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांत हे दाखवलं. वरून मेंदूही हे संदेश दाबतो किंवा वाढवतो. अपुरी झोप, भीती, ताण असला की वाढवतो. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, तसं शरीर वाकण्यालाच घाबरतं. जखम भरलेली असते, पहारा मात्र उठलेला नसतो.

बाई दुखण्याच्या नोंदी ठेवत, त्या वहीतच याची खूण सापडली. परीक्षेच्या दिवसांत आणि मुलाशी वाजलं की ठणका वाढायचा. भाचीच्या हळदीला मात्र दिवसभर उठबस करूनही कंबर आठवली नव्हती. मणका तर तोच होता!

पायातली ताकद कमी होणं, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, ताप, विनाकारण वजन घटणं यांपैकी काही नाही, हे डॉक्टरांनी आधीच तपासलं होतं. ते तपासल्याशिवाय मी पुढे जात नाही, कुणी जाऊही नये.

फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्यानं सुरुवात अगदी थोडक्यावर केली. रोज दोन मिनिटं वाकून रांगोळीचे ठिपके. बरं वाटलं म्हणून जास्त नाही, दुखलं म्हणून कमी नाही. वेळ घड्याळानं ठरवायची. कळ आली की "काहीतरी तुटलं" म्हणायच्या जागी "शरीर घाबरलंय, इजा नाही" असं स्वतःला सांगायचं. झोपेची वेळ ठरवली. यजमानांना सांगितलं, "आज किती दुखतंय?" हे रोज विचारू नका. प्रेमानं विचारलं तरी लक्ष पुन्हा कंबरेकडेच जातं. मला वाटतं, सगळ्यांत अवघड हेच गेलं.

काही महिन्यांनी पट्टा सुटला, डबे खाली उतरले. दुखणं पूर्ण गेलेलं नाही. अधूनमधून एखादा वाईट दिवस येतोच; तेव्हा त्या जरा चालून येतात आणि शाळेत जातात.