वाळूजमधील लहान कारखान्याने पावडर कोटिंगकडे वळावे का?

वाळूज औद्योगिक वसाहतीत लोखंडी सुटे भाग रंगवणाऱ्या लहान कारखान्याने थिनरचा रंग सोडावा का, असा आपला प्रश्न आहे. माझ्या मते जरूर सोडावा. पावडर कोटिंगमध्ये रंगाची कोरडी भुकटी विजेच्या भाराने भागावर बसवून भट्टीत वितळवून पक्की करतात; तिच्यात द्रावक (थिनरसारखा रंग पातळ करणारा द्रव) जवळजवळ नसतो आणि भागावर न बसलेली भुकटी गोळा करून पुन्हा वापरता येते. मात्र साधारण १८० ते २०० अंशांची भट्टी लागते, तिचा इंधनखर्च आधी मांडावा. मराठवाड्यात पाण्याची ओढ नेहमीचीच, म्हणून मला त्याहून महत्त्वाची वाटते ती रंगापूर्वीची धुलाई: रंग नीट धरावा म्हणून भागांवर थर देणाऱ्या झिंक फॉस्फेटच्या गरम टाकीत तळाशी गाळ साचतो, तर त्याच कामासाठीची, झिरकोनियम या धातूवर आधारित प्रक्रिया बहुधा साध्या तापमानालाच चालते आणि गाळ अगदी थोडा होतो. भाग धुण्याच्या शेवटच्या टाकीतले स्वच्छ पाणी आधीच्या टाक्यांकडे उलटे फिरवल्यास ताजे पाणीही बरेच कमी लागते.