कायदा आणि आपण : लशीनंतर जडलेला जीबीएस आणि भरपाईचा मार्ग

प्रश्न : माझे पती ४६ वर्षांचे असून उद्यमनगरात त्यांचे लेथ मशीनचे लहानसे वर्कशॉप आहे. त्यांना दम्याचा त्रास असल्याने फॅमिली डॉक्टरांच्या सल्ल्यावरून सव्वा वर्षापूर्वी त्यांनी एका खासगी रुग्णालयात पैसे भरून फ्लूची लस घेतली. बाराव्या दिवसापासून पायांना मुंग्या येऊ लागल्या आणि जिना चढताना गुडघ्यांतले बळ जाऊ लागले. घराजवळच्या दुसऱ्या एका दवाखान्यात दाखवले असता ‘अशक्तपणा आहे’ असे सांगून सलाइन व बी-१२ ची इंजेक्शने देऊन घरी पाठवण्यात आले. चार दिवसांनी त्यांना अंथरुणावर उठून बसणेही अशक्य झाले, तेव्हा मोठ्या रुग्णालयात गुलेन बॅरी सिंड्रोम, म्हणजेच जीबीएस, असल्याचे निदान झाले. साडेसात लाख रुपये खर्च होऊन ते आज वॉकरच्या आधाराने चालतात. वर्कशॉप बंद आहे. अमेरिकेत अशा रुग्णांना सरकार भरपाई देते असे ऐकले. एका एजंटाने दोन कोटींचा दावा मिळवून देतो, त्यातले २५ टक्के मला द्या, असे सांगितले आहे. आम्ही दाद कोणाकडे मागावी? (एक भगिनी, राजारामपुरी, कोल्हापूर)

उत्तर : ताई, आधी त्या एजंटाचा विषय संपवू. दाव्यात मिळणाऱ्या रकमेतला वाटा फी म्हणून ठरवण्यास बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनी वकिलांना मनाई केलेली आहे, आणि वकील नसलेल्या एजंटाशी तर टक्केवारीचा असा व्यवहार करूच नका. त्याच्याकडे मूळ कागद दिले असतील तर ते आजच परत घ्या.

अमेरिकेबद्दल तुम्ही ऐकले ते खरे आहे, परंतु ती व्यवस्था त्या देशात दिलेल्या लशींसाठी आहे. तिथे प्रत्येक डोसवर आकारलेल्या करातून निधी उभा राहतो आणि कोणाची चूक होती हे सिद्ध न करताही त्यातून भरपाई मिळू शकते. आपल्याकडे खासगीरीत्या घेतलेल्या फ्लूच्या लशीसाठी असा निधी नाही. त्यामुळे इथे दोन प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी द्यावी लागतात : आजार लशीमुळे झाला का, आणि झाला असल्यास त्यात कोणाचा दोष होता का? बहुतेक कुटुंबे आपली सगळी शक्ती पहिल्या प्रश्नावर खर्च करतात आणि दुसऱ्या प्रश्नावर दावा हरतात.

पहिल्या प्रश्नाविषयी. जीबीएसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते. हा आजार दरवर्षी साधारणपणे एक लाख लोकांमागे एकदोघांना होतो आणि त्यांतील बहुसंख्यांना तो जुलाब किंवा सर्दी-तापासारख्या संसर्गानंतर होतो. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात जी साथ आली, तिच्या तपासात कॅम्पिलोबॅक्टर या जंतूचे नाव पुढे आले होते. फ्लूच्या लशीशी संबंध असलाच तर तो दहा लाख डोसमागे एकदोन जादा रुग्ण इतका क्षीण मानला जातो. तरीही तो शक्य मानला जातो, आणि लशीनंतर बारा दिवस हा अवधी वैद्यकीयदृष्ट्या जुळणारा आहे. म्हणून विरुद्ध पक्षाचा वकील पहिला प्रश्न हाच विचारेल की लशीच्या आगेमागे पतींना जुलाब झाले होते का, ताप आला होता का. दाखल करताना तुम्ही डॉक्टरांना काय सांगितले, ते केसपेपरवर ‘हिस्ट्री’ या मथळ्याखाली लिहिलेले असते. ते पान तुमच्या वकिलाने नोटीस लिहिण्याआधी वाचलेले असले पाहिजे.

या संबंधाची सरकारी नोंद अद्याप झाली नसेल तर ती करून घ्या. लसीकरणानंतरच्या गंभीर त्रासाची चौकशी करणाऱ्या समित्या जिल्हा, राज्य आणि राष्ट्रीय पातळीवर आहेत. महापालिकेच्या आरोग्य विभागात लेखी अर्ज द्या आणि त्याच्या प्रतीवर शिक्क्यानिशी पोच घ्या. शिवाय गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगातर्फे चालणाऱ्या औषधदक्षता कार्यक्रमाकडे रुग्ण स्वतःही तक्रार नोंदवू शकतो. त्याचा निःशुल्क क्रमांक १८००-१८०-३०२४ आहे. समिती प्रत्येक प्रकरणाला एक वर्ग देते : लशीच्या गुणधर्मामुळे, लशीच्या दर्जातील दोषामुळे, देण्यातील चुकीमुळे, भीतीमुळे, अनिश्चित, योगायोग, किंवा माहिती अपुरी. तुमच्यासारख्या प्रकरणात ‘अनिश्चित’ हा शेरा आला तर खचून जाऊ नका, कारण काळाचा मेळ बसतो पण पुरावा पुरेसा नाही, असाही त्याचा अर्थ असू शकतो. आणि अनुकूल शेरा आला तरी तो न्यायनिवाडा नसतो. तो तुमच्या पुराव्यातला एक कागद असतो.

आता दोषाचा प्रश्न. तुमच्या पत्रावरून तीन पक्ष समोर येतात, आणि तिघांविरुद्धची बाजू सारखी मजबूत नाही.

लस बनवणाऱ्या कंपनीविरुद्ध ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधील उत्पादन दायित्वाचे प्रकरण लागू होते. उत्पादनात दोष होता किंवा पुरेसा इशारा दिला नव्हता, हे तुम्हाला दाखवावे लागेल. परंतु जे उत्पादन तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच द्यायचे असते, त्याचा इशारा कंपनीने त्या तज्ज्ञापर्यंत वाजवी रीतीने पोहोचवला असेल, तर इशारा न दिल्याचा ठपका तिच्यावर ठेवता येत नाही, असा स्पष्ट अपवाद याच कायद्यात आहे. लशीच्या खोक्यातील बारीक अक्षरांच्या पत्रकात जीबीएसचा उल्लेख असेल, तर कंपनी तेच पत्रक ग्राहक आयोगापुढे ठेवील. त्या बॅचमध्येच काही दोष आढळला नाही तर कंपनीला मुख्य प्रतिपक्ष करण्यात फारसे हशील नाही, असे माझे मत आहे. बॅच क्रमांक मात्र मिळवाच. लसीकरणाच्या कार्डावर डोसच्या तारखेशेजारी कुपीवरचे छोटे स्टिकर चिकटवलेले असते, त्यावर बॅच आणि मुदत छापलेली असते. स्टिकर नसेल तर रुग्णालयाच्या फार्मसीच्या बिलावर हा क्रमांक सापडतो.

लस देणाऱ्या रुग्णालयाविरुद्धचा मुद्दा संमतीचा आहे. पतींना पूर्वी कधी जीबीएस झाला होता का, आधीच्या लशीनंतर काही त्रास झाला होता का, हे विचारले होते का? न विचारणे ही त्रुटी खरी, परंतु पूर्वी तसे काहीच घडले नसेल तर उत्तर ‘नाही’ हेच आले असते आणि लस दिलीच गेली असती. ज्या परिचारिकेने सुई टोचली तिला केवळ ती समोर दिसते म्हणून प्रतिवादी करणाऱ्या तक्रारी मी पाहिल्या आहेत. त्यांतून काही निष्पन्न होत नाही.

माझ्या दृष्टीने तुमच्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य सलाइनचे आहे. दोन्ही पायांतील बळ खालून वर कमी होत जाणे आणि सोबत मुंग्या, ही लक्षणे घेऊन रुग्ण येतो तेव्हा डॉक्टरने गुडघ्यावर लहान हातोडी मारून प्रतिक्षिप्त क्रिया पाहणे ही प्राथमिक तपासणी आहे. जीबीएसमध्ये ती बहुधा मंदावलेली किंवा नाहीशी झालेली असते. त्या दवाखान्याच्या केसपेपरवर ही तपासणी केल्याची नोंद आहे का? नसेल, आणि मज्जातंतुतज्ज्ञाकडे जाण्याचा सल्लाही लिहिलेला नसेल, तर निष्काळजीपणाचा आधार इथे आहे आणि त्यासाठी लस कारण होती की संसर्ग, हे सिद्ध करण्याची गरजच उरत नाही. अर्थात डॉक्टरांच्या बाजूनेही सांगण्यासारखे आहे. पहिल्या आठवड्यात एनसीव्ही (मज्जातंतूंतून संदेश किती वेगाने जातो याची चाचणी) आणि पाठीतल्या पाण्याची तपासणी हे दोन्ही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतात, आणि आयव्हीआयजीचा (शिरेतून दिल्या जाणाऱ्या प्रतिपिंडांच्या औषधाचा) उपयोग लक्षणे सुरू झाल्यापासून दोन आठवड्यांत सर्वाधिक होतो, म्हणजे चार दिवस गेल्यावरही तुमचे पती त्या मुदतीतच होते. त्या चार दिवसांमुळे अपंगत्व वाढले, असे लेखी मत देणारा मज्जातंतुतज्ज्ञ मिळाला तरच ही बाजू उभी राहते. ते मत आधी मिळवा, वकिलाची नोटीस नंतर पाठवा.

कागद मागताना ‘द्याल का’ असे विचारू नका. लेखी मागणीनंतर ७२ तासांच्या आत वैद्यकीय नोंदींच्या प्रती देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. डिस्चार्ज कार्डावर समाधान न मानता रोजच्या नोंदी, परिचारिकांचे तक्ते, एनसीव्हीचे आलेख आणि आयव्हीआयजीच्या बाटल्यांची बिलेही मागा.

दाद मागण्याचे ठिकाण कोल्हापूरचा जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग हेच आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच आपल्या शहरात सुरू झाल्यानंतर ‘थेट हायकोर्टातच जाऊ’ असे म्हणणारे पक्षकार वाढले आहेत. खासगी रुग्णालयाविरुद्धच्या अशा तक्रारीसाठी तो रस्ता नाही. दोन कोटी मागितले तर वरच्या आयोगाकडे जावे लागेल, हाही गैरसमज आहे. २०१९ च्या कायद्यानुसार आयोगाची पायरी तुम्ही मागितलेल्या रकमेवरून ठरत नाही, तर सेवेसाठी मोजलेल्या मोबदल्यावरून ठरते, आणि ५० लाखांपर्यंतच्या मोबदल्यासाठी जिल्हा आयोगच आहे. मोबदला पाच लाखांच्या आत असेल तर तक्रारीला शुल्कही नाही. मुदत मात्र तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. उशीर माफ होऊ शकतो, पण त्यावर विसंबू नये. तुमच्या हातात जेमतेम नऊ महिने आहेत, आणि तज्ज्ञाचे मत मिळवण्यातच त्यातले काही जातील.

रकमेविषयी एवढेच लिहितो की आकडा कागदांतून वर आला पाहिजे : उपचारांची बिले, फिजिओथेरपीचा चालू खर्च, मागील तीन वर्षांची आयकर विवरणपत्रे, वर्कशॉपचे जॉबवर्कचे चलन-बुक आणि अपंगत्वाचे प्रमाणपत्र. हे प्रमाणपत्र दाव्याच्या निकालाची वाट न पाहता सीपीआर या सरकारी रुग्णालयातून काढून घ्या. ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व ठरल्यास शासकीय सवलतींचा मार्ग मोकळा होतो. तसेच अपंग व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सहाय्य मिळते, म्हणून कसबा बावड्यातील न्यायसंकुलात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात एकदा जाऊन या.

प्रश्न : माझी आई न्यू जर्सीत भावाकडे राहायला गेली असता तिथल्या औषधांच्या दुकानात तिने फ्लूची लस घेतली. तीन आठवड्यांनी तिला जीबीएस झाला. महिनाभर तिथे उपचार झाले. आता ती आमच्याकडे असून हातांतली ताकद अजून परतलेली नाही. दोन वर्षे होत आली. ती भारतीय नागरिक आहे. काही करता येईल का? (एक वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर)

उत्तर : करता येईल, आणि ते तिथेच करावे लागेल. अमेरिकी काँग्रेसने १९८६ मध्ये केलेल्या कायद्याने लसहानी भरपाईची योजना निर्माण झाली व १९८८ पासून ती चालू आहे. लस अमेरिकेत दिली गेली असेल तर अर्जदार त्या देशाचा नागरिक असलाच पाहिजे, अशी अट नाही. अर्ज वॉशिंग्टनमधील फेडरल क्लेम्स न्यायालयात होतो आणि प्रतिपक्ष औषध-दुकान किंवा कंपनी नसून तिथला आरोग्य विभाग असतो.

२०१७ पासून फ्लूच्या लशीनंतरचा जीबीएस या योजनेच्या अधिकृत तक्त्यात आहे. लशीनंतर ३ ते ४२ दिवसांत लक्षणे सुरू झाली आणि दुसरे ठळक कारण आढळले नाही, तर आजार लशीमुळेच झाला असे गृहीत धरले जाते. तुमच्या आईचे तीन आठवडे या चौकटीत बसतात. त्रास सहा महिन्यांहून अधिक टिकलेला असावा लागतो. इथल्या फिजिओथेरपिस्टच्या तारीखवार नोंदी त्यासाठी उपयोगी पडतील, त्यांच्या इंग्रजी प्रती करून ठेवा. वेदना व मनस्तापासाठी कमाल अडीच लाख डॉलर मिळू शकतात, आणि विम्यातून न भरलेला उपचारखर्च त्याखेरीज. सद्भावनेने व वाजवी आधारावर केलेला दावा फेटाळला गेला तरी वकिलाची वाजवी फी योजनेतूनच दिली जाते, म्हणून भावाने आगाऊ मोठी रक्कम मागणाऱ्याला नकार द्यावा.

मुदत पहिले लक्षण दिसल्यापासून तीन वर्षांची आहे, निदान झाल्यापासून नव्हे. भावाने दुकानातून लसीकरणाची नोंद मागवताना त्याच दिवशी दुसरी कोणती लस दिली होती का, हेही तपासावे. तिथे फ्लू आणि कोविडची लस एकाच वेळी देण्याची पद्धत आहे, आणि कोविडची लस वेगळ्या योजनेखाली येते, जिच्यात अर्जाची मुदत लस घेतल्यापासून केवळ एक वर्षाची असल्याने ती तुमच्यासाठी संपलेली आहे. दोन्ही लशी एकाच दिवशी दिल्या असतील तर आजार कोविडच्या लशीमुळे झाला असा बचाव पुढे येऊ शकतो, आणि ही गोष्ट वकिलाला पहिल्याच भेटीत सांगितलेली बरी.