अजिंठा प्राचीन आहे, मग मराठवाड्यातला विषय घेऊन आधुनिक कलेच्या इतिहासात पीएचडी करता येईल का?

हो, करता येईल. विषय लेणी न घेता लेण्यांच्या प्रतिकृती घ्या. त्यांचा इतिहास पूर्णपणे आधुनिक आहे. 1872 पासून मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांनी तिथल्या विद्यार्थ्यांकडून भित्तिचित्रं उतरवून घेतली. पेस्तनजी बोमनजी त्यांतलेच. रंग उठून दिसावेत म्हणून भिंतींवर वार्निश फिरवलं, तेच पुढे पिवळं पडून चित्रांच्या मुळावर आलं. 1909 ते 1911 दरम्यान ब्रिटिश चित्रकार लेडी हेरिंगहॅम यांच्या प्रतिकृतींच्या कामासाठी बंगालचे चित्रकार नंदलाल बोस आणि असितकुमार हलदार आले आणि अजिंठ्याची रेषा बंगालच्या नव्या चित्रकलेत शिरली. या एका दुव्यावरसुद्धा प्रबंध उभा राहील, इतका तो भरीव आहे.

अडचण एकच, साधनं विखुरलेली आहेत. मराठवाडा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे संचालक गुलाम यझदानींच्या काळातल्या निजामाच्या पुरातत्त्व खात्याचे कागद हैदराबादला शोधावे लागतील. उर्दू वाचता आली तर फारच उत्तम. ग्रिफिथ्स यांच्या बऱ्याच प्रतिकृती 1885 च्या आगीत गेल्या, उरलेल्या लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत. आधी एमए करायचं असेल तर माझ्या मते बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचा कलेतिहास विभाग पहिला बघा.