बेचाळिसाव्या वर्षी बिडी सोडून काय उपयोग?

भाऊ, तुमचं वय ४२, सातपूरला शिफ्टची नोकरी, वीस वर्षांपासून बिडी. तुम्ही विचारलंय की जे व्हायचं ते नुकसान झालंच असेल, मग आता सोडून काय मिळणार? आणि बंडलावरून दोन-तीनवर आलो तर चालेल का?

पहिल्याचं उत्तर: खूप काही मिळणार. ब्रिटनमध्ये १९५१ पासून डॉक्टरांचाच अभ्यास झाला, रिचर्ड डॉल यांनी तो पन्नास वर्षं चालवला. शेवटपर्यंत सिगारेट ओढणारे सरासरी १० वर्षं आधी गेले. चाळिशीत सोडणाऱ्यांची त्यातली ९ वर्षं वाचली, पन्नाशीत सोडणाऱ्यांची ६, साठीत सोडणाऱ्यांचीही ३. म्हणजे तुमच्या हातात अजून बहुतेक सगळं आहे, पण दर वर्षी ते थोडं थोडं निसटतंय.

"बिडी पानाची, साधी" हे सिन्नरपासून इथपर्यंत सगळीकडे ऐकू येतं. ते डोक्यातून काढून टाका. बिडी विझू नये म्हणून माणूस घाईघाईने, खोल झुरके घेतो, आणि तेंदूच्या पानातून हवा आत येत नसल्याने धूर दाट उतरतो. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या भारतातल्या मोठ्या अभ्यासात बिडी ओढणाऱ्या पुरुषांचं आयुष्य सुमारे ६ वर्षांनी घटलेलं दिसलं, बायकांचं ८ वर्षांनी. आपल्याकडे हे मरण कॅन्सरइतकंच हृदयविकार, दमा आणि टीबीच्या वाटेनेही येतं. टीबीचं फार कमी लोकांना ठाऊक असतं.

आता दोन-तीनचं. हा मधला रस्ता मला अजिबात पटत नाही. दिवसाला एकच सिगारेट ओढणाऱ्या पुरुषालाही हृदयविकाराचा जो जादा धोका असतो, तो वीस ओढणाऱ्याच्या जादा धोक्याच्या जवळपास निम्मा असतो. थोड्याशा धुरानेही रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते. शिवाय दोनाच्या चार कधी होतात ते कळत नाही, नाइट शिफ्टला तर नाहीच. तारीख ठरवा आणि पूर्ण बंद करा.

पहिला आठवडा जड जातो: चिडचिड, झोप नाही, जेवणानंतर हात खिशाकडे जातो. तलफ आली की पाच-सात मिनिटं काढायची, ती ओसरते. कंपनीच्या गेटवरच्या टपरीवर महिनाभर चहा नको, डबा झाला की सरळ आत. निकोटीनचं च्युइंगम डॉक्टरांना विचारून घ्या, पण ते चुइंगमसारखं चघळत बसू नका. झणझणलं की गालाशी दाबून ठेवायचं, चव गेली की पुन्हा थोडं चावायचं. बोलायला कुणी हवं असेल तर १८००-११-२३५६ ही सरकारची मोफत हेल्पलाइन आहे.

आणि सकाळचा तो खोकला, "बिडीचाच आहे" म्हणालात तो, दोन आठवड्यांहून जुना असेल तर याच आठवड्यात सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या. तपासणी मोफत असते.